शंभर टक्क्यांच्या बाहेरची मुले

दहावीचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांतच नौपाड्याचे चौक फलकांनी भरून जातात. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, विष्णुनगर, घंटाळी या परिसरातून जाणाऱ्याला पावलापावलावर गुणवंतांची हसरी छायाचित्रे दिसतात. टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेली असते आणि फलकाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एक वाक्य असते : शाळेचा निकाल शंभर टक्के. हा आनंद रास्तच आहे. मुलांनी कष्ट केलेले असतात, शिक्षकांनी सुट्टीतही जादा तास घेतलेले असतात आणि पालकांनी घरातला दूरदर्शन संच वर्षभर बंद ठेवलेला असतो. या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही.

मात्र या शंभर टक्क्यांना एक मागचा दरवाजाही आहे आणि तो महाराष्ट्रातल्या बहुतेक पालकांना ऐकून ठाऊक आहे. नववीचा निकाल लागल्यावर काही मोजक्या पालकांना शाळेत बोलावले जाते. बोलणे सौम्य असते. 'तुमच्या मुलाला आमच्या शाळेचा वेग झेपत नाही, त्याच्यावर ताण येतो, त्यापेक्षा तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरा, तो घरी निवांत अभ्यास करील,' असा सल्ला दिला जातो. काही कारणाने ज्यांची शाळा सुटली त्यांना बाहेरून परीक्षेला बसता यावे म्हणून राज्य मंडळाने हा सतरा नंबरचा अर्ज ठेवला. गरजू मुलामुलींसाठी ती मोठी सोय आहे. पण शाळेत नियमित येणाऱ्या मुलालाच 'बाहेरचा' करण्यासाठी तो वापरला जातो, तेव्हा निकालाच्या टक्केवारीतला छेद बदलतो. छेद लहान केला की टक्केवारी वाढते, हे गणित त्याच शाळेत सहावीला शिकवलेले असते.

हे मूल कोण असते? ते अक्षरांची उलटापालट करणारे, पण तोंडी विचारले तर चोख उत्तर देणारे असते. एका कानाने कमी ऐकू येणारे आणि म्हणून मागच्या बाकावरून काहीच न कळणारे असते. सौम्य स्वमग्नता असलेले, गोंगाटात भांबावून जाणारे असते. कधी त्याला कोणताही दोष नसतो. आई चार घरची कामे करते, वडील रिक्षा चालवतात, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, इतकेच त्याचे न्यून असते. ही सारी मुले पहिलीला त्याच शाळेत, त्याच गणवेषात, त्याच प्रार्थनेला उभी राहिलेली असतात. दहा वर्षांत ती हळूहळू कडेला सरकत गेली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. आले असेल तर बोलले गेले नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमता तसेच स्वमग्नता यांना त्यात स्थान मिळाले. मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेनुसार सोय करावी, असे हा कायदा सांगतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली. त्यामुळेच चाळणी नववीला लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पहिली ते पाचवीच्या दहा आणि त्यापुढील वर्गांच्या पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यासाठी विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली, म्हणजे एका केंद्राला एक. निर्णय स्वागतार्ह आहे आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांना त्याने आधार दिला. तथापि एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. अनेक शाळांतून फिरणारा एक शिक्षक एका मुलाच्या वाट्याला किती येणार, याचा हिशोब कोणालाही करता येईल.

महाराष्ट्राची या क्षेत्रातली वाटचाल इतरांच्या तुलनेत कमी नाही, हेही नमूद केले पाहिजे. अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट, गणिताला पर्याय अशा सवलती देण्याचे पाऊल या राज्याने १९९० च्या दशकातच उचलले. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ च्या डिसेंबरमध्ये आला; त्याच्या कितीतरी आधीपासून ठाण्याचे पालक मुलाचा हात धरून लोकलने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणीसाठी जात होते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था नौपाड्याच्या परिसरातच काम करते. महापालिकेची 'जिद्द' ही विशेष मुलांची शाळा ठाण्यात आहे. अविनाश बर्वे आणि त्यांच्या सहकारी पालकांनी डोंबिवलीजवळ खोणी येथे उभे केलेले 'घरकुल' तर महाराष्ट्रभर परिचित आहे. म्हणजे जाण असलेली माणसे याच परिसरात आहेत. उणीव आहे ती नेहमीच्या शाळेतल्या नेहमीच्या वर्गात.

त्या वर्गाची मानसिकता एका अक्षरात सामावली आहे. ते अक्षर म्हणजे 'ढ'. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, 'ढ' मात्र जवळपास होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणतात, अशी एक उपपत्ती मराठीत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यातला दंश खरा आहे. मूल बदलत नाही, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. शिकवणाऱ्याने काही बदलावे असा विचारही तिथे नाही. हुशार मुलांची 'अ' तुकडी आणि उरलेल्यांची 'क' किंवा 'ड' तुकडी ही व्यवस्था याच अक्षराची विस्तारित आवृत्ती होय. चांगले शिक्षक 'अ' तुकडीला, शाळेत नव्याने रुजू झालेले 'ड' तुकडीला. शिष्यवृत्तीची तयारी 'अ' तुकडीची, पटांगण झाडण्याची पाळी 'ड' तुकडीची. पहिली-दुसरीतच मुलाला आपली जागा कळते आणि ते त्या जागेला साजेसे वागू लागते.

या ठिकाणी आपल्याकडे मेकॉलेच्या नावाने खडे फोडण्याची प्रथा आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. वयानुसार बांधलेली इयत्ता, सर्वांना एकच पुस्तक, एकाच दिवशी एकच परीक्षा हा साचा इंग्रजी अमलात येथे घट्ट झाला. धर्मपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द ब्युटिफुल ट्री' या ग्रंथात इंग्रजांच्याच दप्तरांतून देशी शाळांचे जे चित्र मांडले, त्यात मुले आपापल्या गतीने पुढे जात आणि पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवत. अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत ही रीत पाहिली, उचलली आणि इंग्लंडात ती 'मद्रास पद्धती' म्हणून गाजली. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना राजसभेतल्या पंडितांनी नाकारले आणि ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत गोष्टींतून शहाणे केले, ही पंचतंत्राची प्रस्तावना तर प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. ज्याचा जसा अधिकार तसा त्याला उपदेश, हा विचार या भूमीला परका नाही.

परंतु तो अभिमान किती ताणायचा यालाही मर्यादा आहे. पंतोजींच्या शाळेत छडी होती, आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना तिथल्या ओसरीवर सहसा स्थान नव्हते. एकलव्याची कथाही याच परंपरेतली आहे. शिवाय इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. आजच्या शाळा आपल्या समाजाने, आपल्या पैशाने, आपल्या विश्वस्तांनी चालवलेल्या आहेत. १९३५ साली विद्या प्रसारक मंडळ स्थापन झाले ते नौपाड्यातल्या मुलांसाठी मराठी शाळा हवी म्हणून. मुलांना शाळेपाशी बोलावण्यासाठी नव्हे, शाळा मुलांपाशी नेण्यासाठी लोकांनी त्या काळी पदरमोड केली. त्या पिढीच्या वारसांनी तुकड्यांचे खापर मेकॉलेवर फोडणे शोभत नाही.

शाळा मुलाकडे गेली तर काय घडते, याचा सर्वांत मोठा धडा ठाणे जिल्ह्यानेच महाराष्ट्राला दिला आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (२०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे.) पाड्यावरची वारली मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले. 'या मुलांना शिक्षणाची आवडच नाही' असा शेरा मारून वही मिटणे सोपे होते. या दोघींनी बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द तिथला. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत दिसत नसत. मग शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. गुरे चरत आहेत, मुले एका डोळ्याने त्यांच्यावर लक्ष ठेवून आहेत आणि मध्येच पाने, बिया, दगडगोटे मोजून गणित चालले आहे. साधनेही तिथलीच, शंख-शिंपले, काड्या, बिया. ज्याला दिवसा सवड नाही त्याच्यासाठी वेळ बदलली, ज्याला पुस्तकी भाषा कळत नाही त्याच्यासाठी त्याच्या बोलीतून सुरुवात केली. बालशिक्षणाचे परदेशी तत्त्वज्ञान ताराबाईंनी मुळातून अभ्यासले होते. पण ते जसेच्या तसे लादण्याऐवजी त्यांनी ते वारली मुलाच्या हाताच्या मापाने शिवून घेतले.

नौपाड्यातल्या मुलाला गुरे राखायची नसतात. त्याचे कुरण वेगळे आहे, एवढेच.

आजच्या पाचवीच्या वर्गाची कल्पना करावी. पन्नास मुले, पस्तीस मिनिटांची तासिका, विषय अपूर्णांक. आठ-दहा मुलांना हा भाग शिकवणीत आधीच झालेला असल्याने ती खिडकीबाहेर पाहत आहेत. वीस-पंचवीस मुलांना बाईंचा वेग मानवतो. काही मुलांना भागाकारच पक्का नाही. एकाला उदाहरण वाचताच येत नाही, पण कोणी वाचून दाखवले तर तो तोंडी सोडवतो. एकीच्या कानाला यंत्र आहे आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलू लागल्या की तिचा धागा तुटतो. या वर्गात एकच धडा एकाच रीतीने सांगणे म्हणजे अर्ध्या वर्गाला न शिकवणे. उपाय अवघड नाहीत, मात्र ते रोज करावे लागतात. मुलांकडे तोंड करून बोलणे आणि यंत्रवाल्या मुलीला पुढच्या बाकावर आणणे, याला छदामही लागत नाही. भाकरी, कागदाची घडी, दोरी यांवरून सुरुवात केली तर भागाकार कच्चा असलेल्यालाही 'अर्ध्याचा अर्धा' दिसतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्याशेजारी वाचणारा बसवावा. त्याने उदाहरण वाचावे, दोघांनी मिळून सोडवावे. ज्यांना हे आधीच येते त्यांना तीच दहा उदाहरणे पुन्हा देण्याऐवजी 'एक असे उदाहरण रचा, की ज्याचे उत्तर तीन-अष्टमांश येईल' असे सांगावे. ती खिडकीतून आत येतील. हुशार मुलाचीही गरज वेगळीच असते आणि तीही एकसाची वर्गात भागत नाही, हा मुद्दा सहसा सुटून जातो.

'पन्नास मुलांत हे शक्य नाही,' असे उत्तर शिक्षकांकडून येते. त्यात तळमळ आहे आणि बरेच सत्यही. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. शहरातल्या नावाजलेल्या शाळांत बाके दाटीवाटीने लावलेली असतात. मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षकाचे किती दिवस जातात, ते त्यालाच ठाऊक. तरीही शहापूर-मुरबाडच्या दुर्गम पाड्यांवरील जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांकडे एकदा पाहावे. तिथे एकाच खोलीत, एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसतात. एका गटाला काम लावून दुसऱ्याला शिकवणे, मोठ्यांकडून लहानांना वाचून घेणे, हे तिथले शिक्षक रोज करतात आणि त्याचे त्यांना कोणी प्रशस्तिपत्र देत नाही. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या प्रेरणेने सरकारी शाळांच्या फरशांवर अक्षरे आणि आकडे उतरले आणि मुले आपापल्या गतीने शिकू लागली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. मुंबईत १९९० च्या दशकात माधव चव्हाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या 'प्रथम'ने इयत्ता बाजूला ठेवून, मूल खरोखर कुठे आहे ते एकेकाला वाचायला लावून पाहणे आणि त्यानुसार दिवसाचा थोडा वेळ गट पाडणे, ही रीत रूढ केली. २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळवणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी जी कामे तपासली, त्यांत 'प्रथम'चे हे काम होते. हे गट आणि शाळेची 'ड' तुकडी यांत मूलभूत फरक आहे. गट दोन महिन्यांत मोडतो, मूल पुढच्या गटात जाते. तुकडी मात्र मुलाला दहावीपर्यंत चिकटते.

मुले कुठे आहेत हे न पाहता पुढे ढकलत राहण्याचे परिणाम समोर आहेत. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के आढळली. यावर उतारा म्हणून नापास करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने परत आली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला ती स्वीकारली. परीक्षा हवी, याबद्दल दुमत नसावे. पण ज्या रीतीने शिकवून मूल शिकले नाही, त्याच रीतीने आणखी एक वर्ष शिकवून ते शिकेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

दुसरा आक्षेप विशेष शाळांबाबतचा. सगळ्यांना एकाच वर्गात बसवा म्हणत विशेष शाळांचा आधार काढून घेणे हा अतिरेक ठरेल. पूर्ण कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा लहानपणीच मिळायला हवी आणि ती त्या भाषेच्या सोबतीतच मिळते. बहुविकलांग मुलाला लागणारी उपचारसाधने नेहमीच्या शाळेत नसतात. म्हणूनच २०१६ च्या कायद्याने जवळची शाळा की विशेष शाळा, याची निवड कुटुंबावर सोपवली आहे. 'जिद्द'सारख्या शाळा टिकल्या पाहिजेत, आणि त्यांच्या शिक्षकांचे ज्ञान शेजारच्या शाळांना महिन्यातून एखाददुसऱ्या दिवशी तरी मिळाले पाहिजे. आज दोन्हींमधले अंतर चालत दहा-पंधरा मिनिटांचे असले, तरी जाणे-येणे जवळपास नाही.

पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो शासकीय पाट्यांवर झपाट्याने पोहोचला. शब्दातला आदर मोलाचा आहे. पण कित्येक शाळांत पाटी बदलली आणि पायऱ्या तशाच राहिल्या. समरसता हा ज्यांच्या कामाचा गाभा आहे, अशा विचारांची माणसे ठाणे-डोंबिवलीच्या अनेक शिक्षणसंस्थांत विश्वस्त आहेत, शिक्षक आहेत, माजी विद्यार्थी आहेत. संघाच्या मैदानावर शिशू, बाल आणि तरुण एका ध्वजापुढे उभे राहतात आणि खेळ मात्र आपापल्या गणात खेळतात. ही साधी गोष्ट ज्यांनी लहानपणी अनुभवली, त्यांना एका वर्गातली भिन्न गती ही अडचण वाटण्याचे कारण नाही. नौपाड्यात निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, अभियंते घरोघरी आहेत. जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला थंडीत शाली पांघरून जे नित्यनेमाने येतात, त्यांच्यातले पन्नासजण आठवड्यातून दोन तास एखाद्या मुलाला शेजारी बसवून वाचायला लावतील, तर विशेष शिक्षक येईपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.

पण त्याआधी संस्थांनी एक आकडा जाहीर करावा. शंभर टक्के निकालाशेजारी दुसरी ओळ छापावी : पाचवीत या शाळेच्या हजेरीपटावर असलेल्या मुलांपैकी किती मुले दहावीला याच शाळेतून बसली? ज्यांचे आईवडील बदलीने गेले, ज्यांनी आपणहून माध्यम बदलले, ते वेगळे दाखवावेत. उरलेल्यांचे काय झाले, ते लिहावे. सतरा नंबरचा फॉर्म किती जणांना सुचवला, तेही लिहावे. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते, दाखल्यांची स्थळप्रत असते. लिपिकाला एका दुपारचे काम आहे. संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीस होतात. अहवालाच्या वाचनानंतर अध्यक्ष 'कोणाला काही विचारायचे आहे का?' असे विचारतात आणि सहसा कोणी हात वर करीत नाही.